रेघ खाऊन

आमच्या नऱ्ह्याच्या गाळ्यात शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर फर्मे टांगलेले दिसतात. सहा मिलिमीटर प्लायवूडचे, कडा घासून गुळगुळीत केलेले, वरच्या टोकाला भोक पाडून खिळ्याला अडकवलेले. कुठला खुर्चीच्या मागच्या पायाचा, कुठला हातावरच्या वळणाचा, कुठला नुसत्या एका कोपऱ्याच्या गोलाईचा. लाकडावर फर्मा ठेवायचा, कडेनं पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघेवर कापायचं, एवढाच त्याचा उपयोग. प्रत्येकावर मिस्त्रींच्या अक्षरात नाव आहे : ‘आई पाठ’, ‘कोथरूड बाक’, ‘डॉक्टर मागचा पाय’. नवीन माणूस आला की हे डॉक्टर कोण आणि त्यांच्या मागच्या पायाला काय झालं, हे विचारल्याशिवाय राहत नाही.

लेटरहेडवर आम्ही ‘फर्निचर डिझाइन कंपनी’ आहोत. पण पहिली सात-आठ वर्षं ही कंपनी म्हणजे ती भिंतच होती. भिंतीला आग लागली असती तर आमच्याकडे विकायला काही उरलं नसतं. हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवात २०११ सालची. त्याआधी पाच वर्षं मी एका इंटिरियरवाल्यांच्या ऑफिसात वॉर्डरोबची ड्रॉइंग काढत होते. साइटवर गेलं की तिथले मिस्त्री माझं ड्रॉइंग बघायचे, त्याची घडी घालून खिशात ठेवायचे आणि भिंतीचं माप स्वतः घ्यायचे. एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, “ताई, कागदावरची भिंत सरळ असते.” त्या वाक्यावरच मी त्यांना भागीदार करायला हवं होतं. केलं ते चार वर्षांनी, आणि तेही नवऱ्यानं दोनदा आठवण करून दिल्यावर.

धायरीला सहाशे फुटांचा गाळा, वर पत्रा, एक कटर, एक जुनं रंधा मशीन, मिस्त्री, त्यांचा पुतण्या, एक पॉलिशवाला आणि मी. लाकूड आणायला भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. तिथं गेले आणि पहिल्याच दिवशी ‘सीपी’ हा शब्द ऐकला. मला वाटलं ही लाकडाची प्रत असावी. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांचा मध्य प्रांत. तो प्रांत जाऊन किती वर्षं झाली, पण बल्लारशा-आलापल्लीकडचा साग बाजारात अजून त्याच जुन्या पत्त्यावर राहतो. ‘बर्मा’चंही तेच. म्यानमारनं एप्रिल २०१४ पासून गोल ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तरी ‘खास बर्मा आहे मॅडम’ हे मी पुढेही कितीदा तरी ऐकलं. तिसरा साग घाना, नायजेरिया, इक्वेडोरकडून यायचा. कांडल्याला उतरायचा, गांधीधामच्या सॉमिलमध्ये चिरला जायचा. लागवडीतलं कोवळं झाड, म्हणून गाभा कमी आणि सालीजवळचं पांढरं लाकूड जास्त. किड्याला नेमकं ते पांढरंच आवडतं. मला तेव्हा तिन्हींतला फरक कळत नव्हता. मिस्त्री बोट ओलं करून फळीवर फिरवायचे, कड नाकाशी न्यायचे आणि दुकानदाराला न दुखवता म्हणायचे, “चहा घेऊन येतो.” म्हणजे इथं घ्यायचं नाही.

पहिलं जेवणाचं टेबल विकलं तेव्हा मी हिशेब असा केला होता : टेबलात अडीच घनफूट लाकूड आहे, तेवढ्याचे पैसे, वर मजुरी, वर नफा. मिस्त्रींनी कागद बघून विचारलं, “आणि भुसा कुणाच्या खात्यावर?” करवत प्रत्येक कापाला थोडं खाते, रंधा दोन्ही अंगांनी खातो, मध्येच गाठ आली की वीतभर फळी बाद. अडीच घनफुटांच्या टेबलाला लागलं पावणेचार. नफा म्हणून जो आकडा मी लिहिला होता तो सगळा भुशाच्या पोत्यात गेला होता, आणि ते पोतं शेजारचा कोंबड्यांवाला वीस रुपयांत घेऊन गेला.

अशा शिकण्याची फी आम्ही बरीच भरली. त्यातलं दापोलीचं टेबल मी विसरू म्हणता विसरत नाही. २०१२च्या एप्रिलमध्ये केलं. सहा फूट बाय तीन फूट, अखंड दिसेल असा सागाचा फळा. मी सांगितलं, फळा खालच्या चौकटीला स्क्रूनं पक्का आवळा, जरासुद्धा हलायला नको. मे महिन्यात पोचवलं. ऑगस्टमध्ये गिऱ्हाइकाचा फोन आला, “तुमच्या टेबलानं पोट काढलंय.” गेलो. मधोमध लिंबू ठेवलं तर ते घरंगळत कडेला येत होतं. ज्यांच्या घरचं टेबल ते हसत होते, मी सोडून सगळेच हसत होते.

लाकूड तोडल्यावरही हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. लांबीत ते हलत नाही म्हटलं तरी चालेल. रुंदीत हलतं. सुतारकामात इंचाचे आठ भाग करतात, एकेक भाग म्हणजे एक सूत. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये केलेला तीन फुटी फळा कोकणातल्या श्रावणात सहज दोन सूत रुंद व्हायला बघतो. खालून चौकटीनं धरून ठेवला तर जाणार कुठं? वर उचलणार. यावर उपाय जुनाच आहे : चौकटीतली स्क्रूची भोकं गोल न पाडता लांबट पाडायची, म्हणजे फळ्याला सरकायला जागा राहते. मिस्त्रींना हे पोरवयापासून ठाऊक होतं. परतीच्या वाटेवर टेम्पोत मी विचारलं, “मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्ही डिझायनर. मला वाटलं, ह्यात काहीतरी नवीन असेल.”

ताम्हिणी घाट चढून पौड येईपर्यंत मी गप्प होते. त्यानंतर आमच्याकडे एक रिवाज पडला. कुठलंही नवीन ड्रॉइंग आधी मिस्त्रींपुढे ठेवायचं आणि ते दोनदा ‘नाही’ म्हणेपर्यंत उठायचं नाही. पहिलं ‘हो’ हे भिडेचं असतं.

आता आईच्या खुर्चीबद्दल. आईची उंची चार फूट अकरा इंच. आमच्या घरातल्या खुर्च्यांची बैठक अठरा इंच, टेबल तीस इंच. सगळ्यांच्या घरात असतं तसंच. आई जेवायला बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत. मग ती हळूच एक पाय वर घ्यायची, मग दुसरा, आणि खुर्चीवर मांडी घालायची. बैठक अठरा इंच रुंद, त्यात गुडघे दोन्हीकडून बाहेर. माझ्या डोळ्यांदेखत ती चाळीस वर्षं अशी बसत होती आणि मी मात्र डिझाइनच्या मासिकांतून डेन्मार्कच्या खुर्च्या बघत होते.

अहमदाबादच्या एनआयडीनं १९९७मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं होतं. आम्ही ते आणलं. तोवर आपण कुणाची मापं वापरत होतो हा प्रश्नच मला पडला नव्हता. अठरा इंच हे मला पाण्याच्या उकळबिंदूसारखं निसर्गानंच ठरवलेलं वाटायचं. तक्ते उपयोगाचे होते, पण मांडीचं गणित शेवटी आईवरच बसवलं. मिस्त्रींनी पॅकिंगच्या लाकडातून चार सांगाडे ठोकले, वेगवेगळ्या उंचीचे आणि रुंदीचे. आईला गाळ्यात आणलं. नुसती बसवून विचारलं तर ती सगळ्यांना “छान आहे” म्हणणार, हे माहीत होतं. म्हणून येताना मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि तिला म्हटलं, निवडत बस. प्रत्येक सांगाड्यावर अर्धी जुडी. मी आणि मिस्त्री लांबून बघत होतो. तिसऱ्यावर ती मांडी घालून बसली आणि जुडी संपेपर्यंत हललीच नाही. साडेसोळा इंच उंच, पंचवीस इंच रुंद. पाठ मात्र तिला टेकवत नव्हती. मिस्त्री तिच्या मागे गेले, “आई, जरा सरळ,” म्हणाले आणि कंबर कुठं आत जाते तिथं फळीवर खूण केली. फर्मा त्या खुणेवरून निघाला. ‘आई पाठ’ तो हाच. बैठकीला सुती नवार विणली, तीही घट्ट ताणून नाही, किंचित झोळ ठेवून.

ह्या खुर्चीनं आम्हाला जगवलं. जाहिरात काहीच नव्हती. कुणाच्या तरी घरी कुणाची तरी सासू तिच्यावर बसायची आणि उठताना विचारायची, कुठून घेतली? पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या मिळून २७ वस्तू केल्या होत्या. चौथ्या वर्षी नुसत्या ह्या खुर्च्याच दोनशेच्या वर गेल्या. मग नऱ्ह्याला आलो. मग शेजारचा गाळा घेतला, मग त्याच्या पलीकडचा.

एका बाकामुळे घडी होणारं काम सुरू झालं. सात फुटांचा अखंड बाक, सहावा मजला, लिफ्टमध्ये बसेना, जिन्यात वळेना. शेवटी बाहेरून दोर लावून ओढला. सोसायटीचे अध्यक्ष खाली उभे राहून व्हिडिओ काढत होते. त्या रात्री मी थोनेत ह्या जुन्या खुर्ची कंपनीबद्दल वाचलं. १८५९ची त्यांची १४ नंबरची खुर्ची : सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, आणि एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या. आम्ही दीडशे वर्षांनी दोरानं बाक ओढत होतो. सकाळी मिस्त्रींना म्हटलं, सुटे भाग करू. ते म्हणाले, “सुटं करायचं तर माप बरोबर लागेल.” बरोबर म्हणजे काय ते मला वाटलं, कळलं. कळलं नव्हतं.

मधल्या काळातलं बाकीचं भराभर सांगते, कारण ते सगळ्यांनाच सोसावं लागलं. ऑनलाइन फर्निचरवाले आले आणि गिऱ्हाइकं मोबाइलवर फोटो दाखवून “हे निम्म्या किमतीत मिळतंय” म्हणू लागली. २०१७च्या जुलैत जीएसटी आला तो फर्निचरला २८ टक्के. चार महिने लोक ‘कमी होईल’ म्हणत थांबले, आणि नोव्हेंबरात तो खरंच १८वर आला. त्या चार महिन्यांचे पगार आम्ही नवऱ्याच्या पीएफमधून केले. आयकिया आधी हैदराबादला, मग २०२०च्या डिसेंबरात नवी मुंबईत आलं. लोकांना वाटलं आम्ही घाबरलो. मला उलट बरं वाटलं. सुट्या भागांची खुर्ची म्हणजे हलकी खुर्ची नव्हे, हे गिऱ्हाइकाला समजावण्याचा माझा अर्धा तास तेव्हापासून वाचला. काही इंटिरियरवाले ‘आमचे दहा टक्के’ मागायचे, अजूनही मागतात. त्याबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल, आणि कामं मिळायची बंद होतील.

२०१८मध्ये ऐंशी खुर्च्यांची ऑर्डर आली. एका ऑफिसचं कँटीन. इतका मोठा आकडा आम्ही एका चिठ्ठीवर कधी पाहिला नव्हता. तीन बाकांवर तीन टोळ्या बसवल्या. काही राजस्थानातले जांगिड, काही गोरखपूरकडचे, काही आपले नगर-बीडचे. (ह्या मेळ्याचा एक फायदा म्हणजे विश्वकर्मा आमच्याकडे वर्षातून दोनदा येतो. आपल्या आणि राजस्थानी मंडळींचा माघात, उत्तरेकडच्यांचा १७ सप्टेंबरला. पेढे दोन्ही वेळा मीच आणते.) फर्मा एकच, टोळ्या तीन. एकानं फर्म्यावरून दुसरा फर्मा काढला. दुसऱ्यानं त्या दुसऱ्यावरून तिसरा. मग एक फर्मा कडेला फुटला, म्हणून तिसऱ्यावरून चौथा.

खुर्च्या तयार झाल्या, पॉलिश झालं, टेम्पो भरून गेले. संध्याकाळी तिथून फोन आला. कँटीनमध्ये लांबच्या लांब टेबलं होती, दोन्हीकडून खुर्च्या लावल्या होत्या आणि पाठी एका रेषेत येत नव्हत्या. मी जाऊन बघितलं. शाळेत उंचीनुसार उभं केलेल्या पोरांची रांग असते तशी. फक्त इथं उंचीनुसार कुणी उभं केलं नव्हतं. सव्वीस खुर्च्या परत आणल्या.

रात्री मिस्त्रींनी चारही फर्मे जमिनीवर एकावर एक ठेवले. खालच्याची कड वरच्याच्या बाहेर डोकावत होती. चौथा आमच्या मूळ फर्म्याहून दोन सूत मोठा होता. कुणी चूक केली नव्हती, हे मला त्यातलं सगळ्यात वाईट वाटलं. सुताराची पेन्सिल चपटी आणि जाड. फर्म्याच्या कडेनं ती फिरली की रेघ पडते बाहेरच्या अंगाला. पोरं प्रामाणिक, रेघ राखून कापत होती, रेघेला धक्का लागू देत नव्हती. एकेका रेघेची जाडी प्रत्येक पिढीत वाढत गेली. मिस्त्री म्हणाले, “मी रेघ खाऊन कापतो.” म्हणजे पात्यानं रेघच खायची, पेन्सिलीचं काळं लाकडावर उरता कामा नये. “मग पोरांना सांगितलं नाहीत कधी?” त्यांनी बराच वेळ विचार केला. “सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या फर्म्यांचे मूळ नग शोधून काढले, त्यांच्या कडेला लाल रंग लावला आणि नियम केला : लालवरूनच नक्कल, नकलेवरून कधीच नाही. पोरं त्या मूळ नगांना आपोआप ‘आई’ म्हणायला लागली. त्यामुळे ‘आई पाठची आई’ असा एक शब्दप्रयोग आमच्या गाळ्यात रूढ आहे. बाहेरच्याला तो समजावून सांगता येत नाही.

पण रंग लावून काही कंपनी मोठी होत नाही. मला रोज दिसत होतं की चाळीस माणसांचं पोट एका साठीला आलेल्या माणसाच्या मनगटावर चाललंय. मग २०२०चा मार्च आला. टाळेबंदीत टोळ्या गावी गेल्या. मे-जूनमध्ये फोनवर फोन, घरून काम करायला टेबल द्या. ऑर्डरी होत्या, हात नव्हते. त्या उन्हाळ्यात मी कर्ज काढून सीएनसी राऊटर घ्यायचं ठरवलं. डिझाइन कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी घेतली. तिनं लाल फर्मे एकेक करून स्कॅन केले, ऑटोकॅडमध्ये बसवले. काम नेटकं होतं. मशीनमधून पहिला पाय निघाला तेव्हा मिस्त्रींनी त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “रंध्याचं निम्मं काम वाचलं.” मला वाटलं, सुटलो.

नवीन ‘आई’ खुर्ची जुन्याहून सुंदर दिसत होती. वळण कसं एका दमात गेल्यासारखं. मी बसले, मला आवडली. एक घरी नेली. आई बसली, “छान आहे,” म्हणाली. दहा मिनिटांनी बघते तर तिनं दिवाणावरची उशी आणून पाठीमागे घेतलेली.

सकाळी लाल फर्मा मशीनच्या पायावर ठेवून पाहिला. खाली-वर तंतोतंत. कंबरेपाशी दीड सुताचा फरक. त्या मुलीला विचारलं, तर तिनं सरळ सांगितलं, तिथं फर्म्यावर एक सपाट खाच होती, हातानं घासताना राहिलेला दोष असेल असं वाटलं, म्हणून वळण साफ केलं. तिच्यावर रागावायला मला तोंड नव्हतं. दापोलीला मीही सगळं घट्टच आवळलं होतं. मिस्त्रींनी तिला आईची आणि मेथीची गोष्ट सांगितली. मग तिनं स्वतःहून एक काम सुरू केलं, ज्याला आम्ही अजून नीट नाव दिलेलं नाही. प्रत्येक फर्मा हातात घेऊन मिस्त्रींना विचारायचं, हे इथं असं का? आणि ते उत्तर ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहायचं. ‘डॉक्टर मागचा पाय’ अर्धा इंच जास्त का तिरका आहे? डॉक्टर मागे रेलून खुर्चीचे पुढचे दोन पाय उचलतात आणि पेपर वाचतात. आधीची खुर्ची उलटली होती. ‘कोथरूड बाक’ची एक बाजू आखूड का? तिथं खांब होता. ह्या बाकाची मापं आम्ही पुढची तीन वर्षं इतर घरांना, खांब नसलेल्या घरांना, इमानेइतबारे आखूडच देत होतो. हे कळलं तेव्हा मिस्त्रींसकट सगळे पोट धरून हसले आणि मी मनातल्या मनात त्या अकरा गिऱ्हाइकांची क्षमा मागितली.

ते विचारणं दीड वर्ष चाललं. एकशे बारा फर्मे. त्यातल्या नऊ जागी मिस्त्री म्हणाले, “आठवत नाही, पण काहीतरी असणार.” ड्रॉइंगमध्येही तसंच लिहिलं आहे : बदलू नये, कारण आठवत नाही.

आता मिस्त्री आठवड्यातून तीनच दिवस येतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. गेल्या महिन्यात एक बाई आल्या. २०१३मध्ये त्यांनी आमच्याकडून चार खुर्च्या घेतल्या होत्या. मुलगी-जावई त्यांच्याकडे राहायला आलेत, आणखी दोन हव्यात, अगदी तशाच. संगणकात बघितलं. खुर्ची आहे, पण आजची. दरम्यान पायाची जाडी बदलली, हाताची गोलाई बदलली. तशीच म्हणजे तेव्हाची फाइलच नाही. कारण तेव्हा फाइल नव्हतीच.

मिस्त्री स्टुलावर चढले. भिंतीच्या अगदी वरच्या रांगेतून एक फर्मा काढला, फुंकर मारली, पँटला पुसला आणि बीडच्या पोराच्या हातात दिला. पोरगा दोन वर्षांपूर्वी आला, मशीनवरच शिकला. त्यानं सागाची फळी बाकावर घेतली, फर्मा ठेवला, एका हातानं दाबून धरला, पेन्सिल फिरवली. सावकाश आणि सुरेख. मग बँडसॉकडे फळी नेताना थबकला.

“रेघ ठेवू, मिस्त्री?”

मिस्त्री तोवर चहाकडे वळले होते. “खा,” म्हणाले.